एकच सूट, बाकी हिशेब चोख

जुन्या विज्ञानकथांचा विषय निघाला की भाकितांची यादी सुरू होते. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने पाणबुडी सांगितली होती, इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने अणुबॉम्ब सांगितला होता, माणूस फ्लोरिडातून चंद्रावर जाणार हेही १८६५ साली छापून आलं होतं. या यादीत मला फारसा दम वाटत नाही. भाकीत खरं ठरलं म्हणून पुस्तक टिकत नाही आणि खोटं ठरलं म्हणून टाकाऊही होत नाही. ही पुस्तकं टिकली ती त्यांच्या शिस्तीमुळे. लेखक वाचकाकडे एकच सूट मागतो: समजा, माणूस अदृश्य झाला. समजा, कारखान्यात कामगार तयार करता आले. ती सूट मिळाली की पुढचा हिशेब मात्र चोख ठेवतो. खर्च कुणाच्या माथी, थंडी कुणाला वाजणार, बिघाड कोण दुरुस्त करणार, सगळं मांडत जातो. वेल्सने १९३३ साली आपल्या विज्ञानकादंबऱ्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत हाच नियम सांगितला आहे. अशक्य गोष्ट एकच घ्यायची, बाकी सगळं रोजच्या जगण्यातलं ठेवायचं. काहीही घडू शकतं म्हटलं की कशातच रस उरत नाही.

त्यामुळे या कथा वाचताना दोन गोष्टींवर नजर ठेवावी. सूट नेमकी कोणती मागितली, आणि हिशेब कुठे चुकला.

फ्लोरिडापासूनच सुरुवात करू. ज्यूल व्हर्नच्या १८६५च्या कादंबरीत बाल्टिमोरचा गन क्लब, म्हणजे तोफांच्या शौकिनांची मंडळी, तीन माणसं बसवलेला गोळा चंद्राकडे सोडतो. तोफ ९०० फूट लांब, ओतीव लोखंडाची, जमिनीत उभी ओतलेली; आतला व्यास ९ फूट. दारूच्या जागी ४ लाख पौंड गनकॉटन, म्हणजे कापसापासून केलेलं स्फोटक. गोळा ॲल्युमिनियमचा, पोकळ, वजन १९,२५० पौंड. तोफेतून बाहेर पडताना वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. हा आकडा बरोबर आहे, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण एवढाच वेग लागतो. मग फ्लोरिडाच का? तर चंद्र बरोबर डोक्यावर येईल अशी जागा हवी होती, आणि विषुववृत्तापासून साधारण २८ अंशांपलीकडे चंद्र डोक्यावर येतच नाही. अमेरिकेत त्या पट्ट्यात टेक्सास आणि फ्लोरिडा येतात, आणि मान कुणाला मिळावा यावरून दोघांची कादंबरीत चांगलीच जुंपते.

माणसांना खरोखर चंद्रावर नेणारं अमेरिकेचं अपोलो यान फ्लोरिडातून सुटलं त्याची कारणं निराळी. पूर्वेला मोकळा समुद्र, त्यामुळे गळून पडणारे टप्पे वस्तीवर पडत नाहीत. शिवाय विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयता मिळतो. केप कॅनाव्हेरलला तो सेकंदाला ४०८ मीटरच्या आसपास आहे, आपल्या श्रीहरिकोट्याला ४५० मीटर. दोन वेगळे हिशेब, उत्तरं शेजारीशेजारी आली इतकंच. यात द्रष्टेपण शोधत बसलं की व्हर्नचं खरं कसब नजरेतून सुटतं: वाचक आकडे तपासून बघेल या विश्वासाने तो लिहायचा.

तर तपासूया. नववीच्या पुस्तकातलं गतीचं समीकरण पुरे. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे त्वरण. वेग ११,००० मीटर, त्याचा वर्ग १२.१ कोटी. तोफेची लांबी २७४ मीटर, दुप्पट ५४८. भागाकार येतो २ लाख २० हजार, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या २२ हजार पटींहून जास्त. ७० किलोच्या माणसावर दीड हजार टनांहून जास्त भार, आणि हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागात उरकतं. हीसुद्धा सवलतीने केलेली आकडेमोड झाली, कारण नळीतले सुमारे १८० फूट गनकॉटननेच अडवलेले आहेत. व्हर्नला धक्क्याची जाणीव होती. त्याने प्रवाशांच्या पायाखाली तीन फूट पाण्याचा थर ठेवला. धक्का बसला की पाणी नळ्यांतून बाहेर फेकलं जाणार आणि माणसं वाचणार. पण असला थर करतो काय, तर माणसाला वेग घ्यायला थोडं जास्त अंतर देतो. ९०० फुटांत तीन फुटांची भर. २२ हजारातले फार तर शंभरेक कमी होतील.

याहून बोलकी चूक पुढच्या भागात आहे. गोळ्यातला एक कुत्रा सुटतानाच्या धक्क्याने मरतो. त्याला खिडकीतून बाहेर टाकतात, आणि थोड्या वेळाने प्रवाशांना दिसतं की त्याचं कलेवर गोळ्याच्या बरोबरीनेच चाललं आहे. हे अगदी बरोबर आहे. बाहेर ओढून मागे टाकणारं काही नाही, दोघांचा वेग सारखा, मग मागे राहणार कसं? पण हाच नियम गोळ्याच्या आतल्या माणसांनाही लागू होतो. त्यांनीही पूर्ण प्रवासभर तरंगायला हवं होतं. व्हर्न मात्र त्यांना फक्त पृथ्वी आणि चंद्राची ओढ सारखी होते त्या एका बिंदूपाशी तरंगू देतो. बाहेर बरोबर उत्तर लिहिलं आणि तेच आत वापरायचं राहून गेलं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने हा प्रसंग मुलांसमोर ठेवावा आणि विसंगती त्यांनाच शोधू द्यावी.

श्वासाची व्यवस्था मात्र त्याने नीट लावली आहे. पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळवायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशने शोषून घ्यायचा. ऑक्सिजन पुरेसा असला तरी कार्बन डायऑक्साइड साठून माणूस मरू शकतो, हे त्याने धरलेलं आहे. अपोलोत हे काम लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांकडे होतं. एप्रिल १९७०मध्ये अपोलो १३च्या तिघांचा जीव टांगणीला लागला त्याचं एक कारण हेच. मुख्य यानातले डबे चौकोनी, आणि तिघं आसऱ्याला गेले त्या चंद्रावर उतरायच्या यानातली जागा गोल. शेवटी प्लास्टिक, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी वापरून ते बसवावे लागले.

तोफेची चूक दुरुस्त केली ती व्हर्न वाचून वाढलेल्या माणसांनीच. रशियात त्सिओल्कोव्स्कीने १९०३ साली रॉकेटचं समीकरण छापलं. जर्मन भाषेत ओबर्थने तेच काम पुढे नेलं. उपाय सरळ आहे: धक्का एकदम द्यायचा नाही, कित्येक मिनिटांत वाटून द्यायचा. अपोलोच्या सॅटर्न ५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात अंतराळवीरांना जास्तीत जास्त चारेक पट भार सोसावा लागला. व्हर्नच्या तोफेत तो २२ हजार पट होता.

आता माझ्या मते हिशेबाचा सर्वांत देखणा नमुना. वेल्सची १८९७ची 'द इनव्हिजिबल मॅन'. ग्रिफिन हा अदृश्य झालेला माणूस डॉक्टर केम्पला आपली युक्ती समजावतो, तो भाग प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना वर्गात मोठ्याने वाचावा असा आहे. वस्तू दिसते कारण ती प्रकाश शोषते, परतवते किंवा वाकवते. यातलं काहीच केलं नाही तर ती दिसणार नाही. काचेची पूड पांढरी दिसते, कारण प्रत्येक कणाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडाथोडा प्रकाश परततो. तीच पूड पाण्यात टाकली की जवळजवळ नाहीशी होते. आकड्यांत सांगायचं तर हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, १, पाण्याचा १.३३, काचेचा सुमारे १.५. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला ४ टक्के परत फिरतो, पाण्यातून पडला तर अर्धा टक्कासुद्धा नाही. ग्रिफिनने शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करून घेतला. ही मागितलेली सूट.

घरी बघायचं असेल तर औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणा आणि उंच, अरुंद ग्लासात ओता. त्यात बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी हळूहळू बुडवा आणि नळीच्या आतही ग्लिसरीन भरा. दोन्हींचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास असल्याने बुडालेला भाग नजरेआड होतो. हमखास बिघडतं ते असं: नळी साध्या काचेची असली तर तिचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास असतो आणि कडा अंधूक दिसत राहतात. ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळलेलं असेल किंवा बाटली उघडी राहून त्याने हवेतला ओलावा ओढला असेल तर अपवर्तनांक उतरतो. ग्लिसरीन घाईने ओतलं तर बुडबुडे अडकतात, आणि एकेक बुडबुडा नळीचा ठावठिकाणा सांगतो. ग्लासाच्या कडेने संथ ओतावं आणि दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवावं.

सूट दिल्यावर वेल्स पुढे काय करतो ते बघा. महिना जानेवारीचा, गाव लंडन. अंगावरचे कपडे दिसतात, म्हणून ग्रिफिनला उघडंच हिंडावं लागतं. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसतं. बर्फ अंगावर साठतो, पावसात आकृती उमटते, चिखलाचे पाय मागे ठसे सोडतात. गर्दीत लोक अंगावर येऊन आदळतात. कुत्र्यांना वास येतो. जिना उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत म्हणून तो अडखळतो. पापण्याही पारदर्शक, त्यामुळे डोळे मिटले तरी उजेड आत येतो. लेखकाने एका कल्पनेचा इतका पाठपुरावा केलेला क्वचितच वाचायला मिळतो.

फक्त एक गोष्ट राहून गेली, आणि ती मोठी आहे. डोळ्याच्या एकूण शक्तीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, कारण हवेच्या आणि त्याच्या अपवर्तनांकात फरक आहे. शरीराचा अपवर्तनांक हवेइतका झाला की हा फरक संपला, भिंगही निकामी झालं आणि प्रतिमा तयार होणंच थांबलं. शिवाय दिसायचं तर दृष्टिपटलाने प्रकाश शोषायला हवा, आणि शोषला तर तिथे दोन गडद ठिपके हवेत तरंगताना दिसणार. अदृश्य माणूस आंधळा असणार. वेल्सला याचा वास लागला असावा, कारण ग्रिफिनने आधी ज्या मांजरीवर प्रयोग केला तिचे डोळे मागे उरतात असं त्याने लिहिलं आहे. माणसाच्या बाबतीत मात्र दृष्टिपटलामागे धुक्याहून फिकट रंग उरला एवढं सांगून त्याने पुढे डोळेझाक केली.

तरी कादंबरीचा खरा प्रश्न शाबूत राहतो. चेहरा नसला, नाव कळणार नसलं, की माणूस काय करतो? ग्रिफिन चोरी करतो, मारहाण करतो आणि शेवटी दहशतीच्या राज्याच्या गोष्टी बोलू लागतो. बनावट नावाच्या खात्यावरून एखाद्या मुलीला धमक्या देणारा माणूस समजून घ्यायला आजही याच्याइतकं उपयोगी पुस्तक नाही. वेल्सने आणखी एक बारकावा पकडला आहे: ग्रिफिनला अदृश्य राहायला दर तासाला कुणाची तरी मदत लागते. एक खोली, एक कोट, एक घाबरलेला हरकाम्या. निनावी माणसालाही आसरा देणारं कुणीतरी असावंच लागतं.

इंग्रज लेखिका मेरी शेलीकडे वळू. 'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी १८१८ रोजी निघालं, प्रती ५००, लेखिकेचं नाव नाही. लिहायला सुरुवात केली तेव्हा ती १८ वर्षांची होती. टांबोरा ज्वालामुखीच्या १८१५च्या उद्रेकाने जगाचं हवामान बिघडलं होतं, आणि १८१६च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी ही कथा सुचली. मागे विजेचे खरे प्रयोग होते. १८०३ साली अल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञाने लंडनमध्ये फाशी दिलेल्या गुन्हेगाराच्या मृतदेहात वीज सोडून त्याचे स्नायू हलवून दाखवले होते.

वीज कडाडते आणि राक्षस उठून बसतो, हे सिनेमाने घातलं. पुस्तकात जिवंत करण्याची कृती जवळजवळ दिलेलीच नाही. दिली आहे ती त्याहून मोलाची गोष्ट. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण शास्त्रज्ञ जो प्राणी घडवतो, त्याला आठ फुटी का करतो? बारीक अवयव जोडण्यात वेळ जातो म्हणून. काम लवकर उरकावं यासाठी माप वाढवलं, आणि पुढे त्या मापामुळेच लोक बघताक्षणी किंचाळून पळू लागले. कामाच्या घाईत घेतलेला एक सोयीचा निर्णय, आणि त्याचा त्रास आयुष्यभर दुसऱ्याच्या वाट्याला. मग प्राणी डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळून जातो. नाव ठेवत नाही, भाषा शिकवत नाही. तो बिचारा एका कुटुंबाच्या भिंतीला कान लावून बोलायला शिकतो. प्रयोगशाळेतून उचललेल्या कपड्यांच्या खिशात त्याला व्हिक्टरच्या नोंदी सापडतात, आणि आपण कसे बनलो, बनवणाऱ्याला आपली किती किळस आली, हे तो स्वतः वाचतो. परिणामांचा विचार व्हिक्टर करतो तो दुसऱ्या वेळी, ऑर्कनीच्या बेटावर मादी बनवताना. यांची प्रजा वाढली तर काय, असा प्रश्न पडल्यावर तो अर्धवट काम फाडून टाकतो. विचार बरोबर, पण पहिल्या प्राण्याला तोवर जग दाखवून झालेलं होतं. आज एखादी संगणकप्रणाली लाखो लोकांच्या हाती दिल्यावर तिच्या सुरक्षेची समिती नेमली जाते, तेव्हा हा क्रम ओळखीचा वाटतो.

चेक लेखक कारेल चापेकचं नाटक 'आर. यू. आर.' १९२० साली छापलं गेलं आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात त्याचा प्रयोग झाला. त्यातले रोबो पत्र्याचे नाहीत. कणीक मळावी तसं त्यांचं मांस मोठ्या हौदांत मळतात, नसा आणि शिरा सूतगिरणीत कातून निघतात, आणि मग मोटारीसारखी जुळणी होते. या नाटकात एक तपशील असा आहे की तो वाचल्यावर पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं. रोबोंना वेदना होत नाहीत, त्यामुळे ते स्वतःचे हात यंत्रात घालून मोडून घेतात. माल खराब होतो. म्हणून कारखान्यातला डॉक्टर त्यांच्यात वेदना घालायच्या खटपटीला लागतो. दया म्हणून नव्हे, नुकसान टाळायला. मधूनच एखादा रोबो हातातलं फेकून दात खाऊ लागतो, तेव्हा त्याला मोडीत काढतात. व्यवस्थापक म्हणतो बिघाड आहे, रोबोंची बाजू घ्यायला कारखान्यात आलेली हेलेना म्हणते हा आत्मा आहे.

बंडाची चाहूल लागते तेव्हा त्याच व्यवस्थापकाला उपाय सुचतो: यापुढे प्रत्येक देशाचा वेगळा रोबो करायचा, रंग वेगळा, भाषा वेगळी, म्हणजे ते आपसात द्वेष करतील आणि एक होणार नाहीत. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती तेव्हा चापेकने हे लिहिलं. कामगारांना भाषेवरून आणि प्रांतावरून भिडवायची ही तऱ्हा आपल्या औद्योगिक पट्ट्यांतही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शेवट साध्या निष्काळजीपणाने येतो. रोबो बनवण्याच्या कृतीची एकच हस्तलिखित प्रत असते आणि ती जाळली जाते. जिंकलेले रोबो उरलेल्या एका म्हाताऱ्यापुढे गयावया करतात, कारण स्वतःची पुढची पिढी कशी घडवायची हे आता कुणालाच येत नाही.

देखभालीचा हाच धागा इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने १९०९च्या 'द मशीन स्टॉप्स' या कथेत टोकाला नेला. माणसं जमिनीखाली षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, संगीत, पलंग, औषध सगळं बटणावर. माणसं एकमेकांशी बोलतात ती हातातल्या निळसर तबकडीवर चेहरा बघून, आणि भाषणं दहा मिनिटांत आटपतात. पण खरी कमाल आहे ती बिघाडाच्या वर्णनात. यंत्र एकदम बंद पडत नाही. आधी संगीतात घरघर येते. तक्रार केली तर समितीकडून उत्तर येतं की लवकरच बघू. लोकांना घरघरीची सवय होते आणि काही दिवसांनी ती संगीताचाच भाग वाटू लागते. मग आंघोळीच्या पाण्याला वास येतो, त्याचीही सवय होते. पलंग येईनासा होतो. शेवटी कळतं की दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त आहे, आणि तिची दुरुस्ती कुणी करायची हे नेमून दिलेलंच नव्हतं.

१९ जुलै २०२४ला सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट जगभर गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. संरक्षणासाठी बसवलेल्या गोष्टीनेच यंत्रणा पाडली. दुरुस्ती दुरून होईना, कारण संगणक चालूच होत नव्हते. अनेक ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष जाऊन सदोष फाइल काढली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. पेन आणि कागद होता, आणि तो कसा वापरायचा हे माहीत असलेली माणसं होती, म्हणून विमानं थोडी तरी उडाली. फॉर्स्टरच्या जगात ते उरलेलं नव्हतं.

या सगळ्या युरोपी मंडळींच्या यादीत एक नाव हमखास गळतं. बंगालच्या लेखिका रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये इंग्रजीत आली. सूट अशी की पडदा पुरुषांनी पाळायचा, ते मर्दान्यात, म्हणजे घरातल्या बंदिस्त भागात, आणि राज्यकारभार बायकांकडे. हिशेब किती रोखठोक ते बघा. बायकांना दोन तासांत सगळं काम कसं उरकतं? उत्तर तयार आहे: एक चिरूट संपायला अर्धा तास लागतो, पुरुष दिवसाला बारा ओढतो, म्हणजे सहा तास निव्वळ धुरात गेले. त्या देशात दोन महिला विद्यापीठं आहेत. एकाने ढगांतून पाणी खेचणारा फुगा शोधला, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची रीत. स्वयंपाकघरात कोळसा नाही, धूर नाही. चुलीसमोर डोळे चोळत बसलेल्या बाईची गरज ओळखून लिहिलेलं तंत्रज्ञान त्या काळात दुसरं कुणी लिहीत नव्हतं.

आणि सूर्याची गोष्ट हवेतली नव्हती. विल्यम ॲडम्स या हायकोर्टातल्या अधिकाऱ्याने मुंबईत सपाट आरशांनी ऊन एका जागी आणून अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवलं होतं आणि १८७८ साली मुंबईतच त्यावर पुस्तक छापलं होतं. उष्ण देशात जळणाला पर्याय म्हणून ऊन वापरा, हे त्याचं म्हणणं. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९पासून ७३ तबकड्यांनी ऊन गोळा करून वाफ केली जाते आणि ती नळांनी स्वयंपाकाला पोचते. तबकड्या सूर्याच्या मागे फिरत्या ठेवाव्या लागतात, आरसे सतत पुसावे लागतात, आणि आभाळ भरलं की बॉयलर असावाच लागतो. रोकेयांनी हा शेवटचा भाग लिहिला नाही. त्यांच्या स्वप्नात ढगही बायकांच्याच ताब्यात होते.

अणुबॉम्बबद्दल थोडक्यात, कारण तिथे भाकितवाले सर्वांत जास्त जमतात. वेल्सच्या १९१४च्या 'द वर्ल्ड सेट फ्री'मधला बॉम्ब भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. तो दिवसेंदिवस धगधगत राहतो, त्याचा जोर सतरा दिवसांनी निम्मा होतो. खरा बॉम्ब सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास आपलं काम उरकतो. पण लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ही कादंबरी १९३२ साली वाचली होती. १९३३च्या सप्टेंबरमध्ये लंडनला त्याला साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली तेव्हा पुढे काय होऊ शकतं हे त्याला लगेच कळलं, आणि त्याने आपलं पेटंट गुप्त राहावं म्हणून ते ब्रिटिश नौदलाकडे सोपवलं. बॉम्ब कसा करायचा हे त्याला वेल्सने शिकवलं नव्हतं. झाल्यावर शहरांचं काय होतं, एवढं मात्र दाखवून ठेवलं होतं.

'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८चं. मंगळवासी इंग्लंडवर चढून येतात. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं आपण काय केलं ते आठवा, असं वेल्स पहिल्याच प्रकरणात वाचकाला बजावतो. तोफांनी न मेलेले मंगळवासी जंतूंनी मरतात. हा शेवट काहींना पळवाट वाटतो, मला वाटत नाही. अपोलो ११च्या तिघांना परतल्यावर विलगीकरणात ठेवलं ते याच काळजीने. चंद्राशी संपर्क आल्यापासून २१ दिवस मोजले. मंगळावर उतरणारी व्हायकिंग यानं ११० अंशांहून जास्त तापमानात तासन्‌तास भाजून निर्जंतुक केली गेली. आपले जंतू तिथे नेले तर तिथलं काही सापडलं तरी ते कुणाचं हेच कळणार नाही.

'द टाइम मशीन'मध्ये तळघरात राबणारे आणि वर बागडणारे असे माणसांचे दोन वंश होतात. वेल्सची आई अपपार्क या मोठ्या हवेलीत घरव्यवस्थापक होती, आणि तिथे नोकरांनी नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालून वाटा होत्या. आज काही मिनिटांत सामान दारात येतं ते ज्या गोदामातून, त्या गोदामालाही खिडक्या नसतात.

व्हर्नच्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीतला, नॉटिलस पाणबुडीचा कप्तान नेमो याच्याबद्दल आपल्याकडे उगाच अभिमानाने बोललं जातं, म्हणून एवढं नोंदवायला हवं. व्हर्नला तो रशियाचा सूड घेणारा पोलिश सरदार करायचा होता. प्रकाशक हेत्झेलने रशियातला खप डोळ्यांसमोर ठेवून नकार दिला. मग 'मिस्टीरियस आयलंड' या पुढच्या कादंबरीत तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपूचा भाचा आणि १८५७चा लढवय्या ठरला. टिपू १७९९ साली गेला आणि हा भाचा जन्मतो त्यानंतर वीस वर्षांनी. म्हैसूर आणि बुंदेलखंडाचं नातं कसं जुळलं हेही कुठे सांगितलेलं नाही. दोन्ही कादंबऱ्यांच्या तारखाही जुळत नाहीत. पण साम्राज्याविरुद्धची चीड खरी आहे आणि ती पुस्तकात जागोजाग जाणवते.

मराठीत ही शिस्त डॉ. जयंत नारळीकरांनी आणली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे परीक्षकांनी कथा बघावी, नाव नव्हे. आज दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना एकच सांगणं आहे. एका कथेत यंत्रमानव, परग्रहवासी आणि कालप्रवास तिन्ही घालू नका. एक घ्या आणि त्याचं वीजबिल कोण भरतं तिथपर्यंत जा.

वाचायला घेणार असाल तर आवृत्ती बघून घ्या. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८चं घ्यावं. १८३१च्या सुधारित आवृत्तीत व्हिक्टर नशिबाला जास्त बोल लावतो आणि त्याची जबाबदारी सौम्य होते. व्हर्न इंग्रजीतून वाचणार असाल तर मर्सियरचं एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर टाळा. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींमध्ये तेच असतं. त्यात समुद्राखालच्या सफरीचा जवळजवळ चौथा हिस्सा कापलेला आहे आणि आकडे बिघडवलेले आहेत. मूळ पुस्तकात नॉटिलस ७० मीटर लांब, ८ मीटर रुंद; पूर्ण बुडाल्यावर सुमारे १,५०० टन पाणी बाजूला सारते, स्वतःचं वजन १,३५६ टन, आणि उरलेला दहावा भाग बुडवायला १५० टनांच्या टाक्या पाण्याने भरायच्या. बेरीज जमते. पण तिचं पोलाद पाण्याच्या ७.८ पट जड, असं व्हर्नने लिहिलं, ते मर्सियरकडे ०.७ ते ०.८ पट झालं. असलं पोलाद लाकडासारखं तरंगेल, आणि त्याची पाणबुडी बुडवायला १५० टनांच्या टाक्या पुरायच्या नाहीत.